पंचांना विचारा : “सर, डिफेंडर हलला की फाऊल ना?”

शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धा जवळ आल्या की जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्हीकडून फोन सुरू होतात. गावं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कॉलेजपर्यंत बास्केटबॉल खेळलो. आता पंच व्हायचंय. सुरुवात कुठून करू? (अमळनेर)

टेबलावरून. शिट्टी नंतर. तुमच्या जिल्हा संघटनेच्या सचिवांना भेटा आणि “शालेय स्पर्धेत स्कोअरशीट भरायला बसतो” असं सांगा. 14, 17 आणि 19 वर्षांखालील सामने एकामागून एक चालू असतात, तिथे माणूस कमीच पडतो. स्कोअरर, त्याचा सहायक, टायमर आणि शॉट क्लॉक (बास्केटसाठी चेंडू टाकायच्या वेळेचं घड्याळ) सांभाळणारा, अशा चार खुर्च्या. चारही खुर्च्यांवर बसलात की पंचाने खूण अर्धवट दाखवली तर टेबलावर काय गोंधळ उडतो ते कळेल. हल्लीच्या पोरांना पहिल्याच दिवशी गळ्यात शिट्टी हवी असते! परीक्षा कधी आणि फी किती, हे संघटनेलाच विचारा. मैदानाबाहेर चहा पीत बसलेल्या जाणकारांना नको.

किती फाऊल झाले की खेळाडू बाहेर? टीव्हीवर सहा दिसतात. (शिरपूर)

पाच. टीव्हीवरचं ते एनबीए, अमेरिकेतली लीग. तिथे क्वार्टरही 12 मिनिटांचा, आपला 10 चा.

व्हॉट्सॲपवर जाहिरात आलीय, ‘दोन दिवसांत आंतरराष्ट्रीय पंच, प्रमाणपत्रासह’. भरू का पैसे? (धुळे)

नका भरू. ‘फिबा’च्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, परवान्यासाठी देशाच्या महासंघाने तुमचं नाव पाठवावं लागतं, आपल्याकडे भारतीय बास्केटबॉल महासंघाने. जिल्ह्यात आणि राज्यात वर्षानुवर्षं शिट्टी वाजवल्याशिवाय तिथपर्यंत नाव जात नाही. पावडर मारून एका रात्रीत पिवळी केलेली केळी कशी लागतात, हे खान्देशात मी कोणाला सांगायचं? ‘पंच परीक्षेच्या नोट्स’ म्हणून जुन्या नियमांच्या झेरॉक्सही विकल्या जातात. ‘फिबा’चं नियमपुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळतं, आणि नियम बदलतात. ट्रॅव्हलिंगचा (चेंडू हातात धरून जादा पावलं टाकण्याचा) नियम 2017 मध्ये बदलला, तरी आपल्याकडे काही जण अजून जुन्याच हिशेबाने पावलं मोजतात. कुठेही पैसे भरण्याआधी सचिवांना एक फोन करा.

डिफेंडर हलत असेल तर फाऊल त्याचाच, असं आमचे सर सांगतात. बरोबर ना? (भुसावळ)

चूक. आणि हे ‘हलला, हलला’ माझ्या डोक्यात जातं, कारण अर्ध्या सामन्यांत भांडण यावरूनच होतं. डिफेंडरने खांबासारखं उभं राहावं असं नियमात कुठेही नाही. बघायचं एवढंच, की धक्क्याआधी तो प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा राहिला होता का? राहिला असेल तर त्याने जागा मिळवली. त्यानंतर ती टिकवायला तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, जागच्या जागी सरळ वर उडीही मारू शकतो. अशा वेळी चेंडूवाला त्याच्या छातीवर येऊन आदळला तर चार्जिंग, फाऊल चेंडूवाल्याचा. चेंडूवाल्यापुढे जागा घेताना अंतर किती ठेवलं हा प्रश्नच येत नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याला मात्र थांबायला किंवा वळायला एक-दोन पावलांची जागा द्यावी लागते.

डिफेंडरचा गुन्हा कुठे? गुडघा, कंबर किंवा हात स्वतःच्या सिलिंडरबाहेर, म्हणजे अंगाभोवतीच्या काल्पनिक उभ्या जागेबाहेर, काढला तिथे. किंवा समोरचा हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत घुसला तिथे. मग ब्लॉकिंग, फाऊल डिफेंडरचा.

बास्केटखालचं 1.25 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ विसरू नका. आत घुसून हवेत उडालेला खेळाडू त्या अर्धवर्तुळातल्या डिफेंडरवर आदळला, तर चार्जिंग देत नाहीत. त्या उडालेल्या खेळाडूनेच हात-पाय बेकायदा वापरले असतील तर गोष्ट वेगळी. आपल्या सिमेंटच्या कोर्टावर ती रेघ बहुधा पुसलेली असते. म्हणून सामन्याआधीच खडू मागा, आणि काय धरायचं ते सहपंचाशी बोलून घ्या. मैदानात ठरवायला गेलात तर दोघं दोन खुणा दाखवाल आणि प्रेक्षकांची करमणूक होईल.

एवढे निकाल चुकतात का, तर पंच चेंडू बघत राहतो. डिफेंडर बघा! तो जागेवर कधी आला हेच पाहिलं नसेल, तर धक्क्यानंतर तुम्ही फक्त अंदाज करता. मीही सुरुवातीची दोन वर्षं चेंडूच बघत होतो. आता तुमच्या सरांशी भांडू नका, नियमपुस्तकाचं ते पान उघडून दोघं मिळून वाचा. तरी पटलं नाही तर जिल्ह्यातल्या वरिष्ठ पंचांना विचारा.

मुली पंच होऊ शकतात का? पुरुषांचे सामने मिळतात का? (शहादा)

हो. दोन्हींना हो.

तीन महिन्यांपासून पळताना गुडघा दुखतो. फिटनेस चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. कुठला पट्टा घेऊ? (चाळीसगाव)

पट्टा कुठलाच नको. तीन महिने काय करत होतात? उद्या सकाळी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. चाचणी पुन्हा होईल, गुडघा बदलून मिळणं इतकं सोपं नाही. चाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि हृदयही तपासून घ्या. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि पंचाला बदली खेळाडू नसतो. दुपारची ड्यूटी दिली तर आयोजकांना स्पष्ट सांगा, सकाळी किंवा संध्याकाळी येतो.

गावातल्या स्पर्धेत माझा पुतण्या खेळतोय आणि पंच मीच. मी निःपक्षपाती आहे. चालेल ना? (नंदुरबार)

नाही. पंचाचा कोणत्याही संघाशी कसलाही संबंध नसावा, असं नियमच सांगतो. तुम्ही प्रामाणिक असालही. पण शेवटच्या मिनिटाला पुतण्याला दोन फ्री थ्रो दिलेत, आणि ते रास्त असले, तरी समोरच्या बेंचवर कोण मानेल? आयोजकांना आजच कळवा, दुसरा पंच शोधायला वेळ मिळेल. आदल्या रात्री कळवू नका. तो सामना टेबलावरूनही करू नका. वहिनींच्या शेजारी बसून बघा.