भाच्याचा क्लिअरन्स, कॉलेजातला गांजा आणि थकलेलं बिल

ताई, ‘कॉलेजात ओढलेला गांजा आणि थकलेलं हॉस्पिटलचं बिल फॉर्ममध्ये लिहू नकोस, कुणाला कळतंय’ हा सल्ला भाच्याला ज्याने दिला, त्याचं अजिबात ऐकू देऊ नका. मेरीलँडमध्ये अठरा वर्षं अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटी कामावर क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामासाठी लागणारी सरकारी परवानगी, घेऊन नोकरी केली, म्हणून कळकळीने सांगतोय.

क्लिअरन्ससाठी जो एसएफ-86 फॉर्म भरतात, त्यात अमली पदार्थांबद्दल गेल्या 7 वर्षांचं विचारतात. कोलोरॅडोसारख्या राज्यात गांजा कायद्याने चालतो हे खरं, पण क्लिअरन्स केंद्र सरकार देतं आणि त्यांच्या लेखी तो बेकायदाच. तरी जुन्या गांजामुळे दार बंद होत नाही. डिसेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी सगळ्या खात्यांना लेखी कळवलंय की पूर्वीचा गांजा विचारात घ्या, पण तेवढ्यावरच निकाल लावू नका. चालू सेवन मात्र कायद्यानेच आड येतं. तेव्हा आजपासून बंद, गांजाची गमी (चघळायची गोळी) सुद्धा नाही. पुढे घेणार नाही असं सही करून देता येतं, ते जमेस धरतात.

माझ्या मित्राच्या मुलाने तिथे ‘नाही’ लिहिलं. तपास अधिकारी त्याच्या जुन्या रूममेटला भेटला, आणि त्याने सहज सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वीचा गांजा बहुधा निभावला असता. खोटं निभावलं नाही, नोकरी गेली. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर 5 वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. मुलं ‘नाही’ का लिहितात, तर पुष्कळदा शेजारी आई बसलेली असते. फॉर्म त्याला एकट्याला भरू द्या.

कर्जाचं गणित वेगळं. 120 दिवसांहून जास्त थकलेलं असेल तर लिहावंच लागतं. पैशाने गांजलेला माणूस आमिषाला बळी पडेल, ही त्यांची भीती. पण आकड्यापेक्षा तुम्ही त्याचं काय केलंत हे जास्त बघतात. बायकोच्या ऑपरेशनचं बिल विमा कंपनी आणि हॉस्पिटलच्या वादात अडकून आमच्या नावावर वसुलीला गेलं होतं. तपास अधिकारीण आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली, तेव्हा तिच्यापुढे फाइल ठेवली: विमा कंपनीची पत्रं आणि दरमहा 150 डॉलरच्या अकरा पावत्या. तिने एकेक पान उलटून बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या विषयावर गेली. आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणं ही कारणं ते समजून घेतात. टॅक्स रिटर्न न भरणं मात्र फार जड जातं.

भाच्याला या आठवड्यातच इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे क्रेडिट रिपोर्ट काढायला सांगा, फुकट मिळतात. वसुलीवाल्यांशी हप्ता ठरवून तो लेखी घ्यायचा आणि फॉर्म जायच्या आधी पहिला हप्ता भरायचा. तरीही आक्षेपांचं पत्र आलंच, तर उत्तराला 20 दिवस असतात. त्या वेळी वकील गाठा, आणि पावत्यांची फाइल सोबत न्या.