अमेरिकेत डेंटल कॉम्पॅक्ट (एका सदस्य राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या सदस्य राज्यातही काम करू देणारा राज्यांमधला करार) आल्यामुळे भारतातून बीडीएस केलेल्यांना कुठल्याही राज्यात प्रॅक्टिस करता येईल का?

नुसत्या बीडीएसवर नाही. आधी इथली डेंटिस्टची डिग्री म्हणजे डीडीएस किंवा डीएमडी, आयएनबीडीई ही राष्ट्रीय लेखी परीक्षा, क्लिनिकल परीक्षा, कॉम्पॅक्टमधल्या एका राज्याचं लायसन्स, मग दुसऱ्या राज्याचं.

पण प्रश्न वाचून मला 2017 आठवलं. इथली डिग्री, तेव्हाच्या परीक्षा, लायसन्स सगळं करून चार वर्षं प्रॅक्टिस झाली होती, ह्यांची नोकरी बदलली म्हणून दुसऱ्या राज्यात गेलो आणि तिथे मी शून्य. कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट, जुन्या राज्याच्या डेंटल बोर्डाचं (लायसन्स देणाऱ्या मंडळाचं) पत्र, तिथल्या कायद्याचा पेपर, आणि बोटांचे ठसे तर दोनदा परत आले, कारण दिवसभर हात धुऊन धुऊन बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. सात महिने घरी बसले. लूप्स (दात मोठे दिसायला लावायचा भिंगाचा चष्मा) कपाटात होत्या, अधूनमधून काढायचे, काच पुसायचे, परत ठेवायचे. त्यात आमचे भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, लायसन्स असून घरी बसावं लागतंय म्हणजे तुमच्यातच काहीतरी कमी असेल." अहो, राज्य बदललं म्हणून काय दाढा बदलतात का!

2023 मध्ये वॉशिंग्टन, आयोवा, टेनेसीने हा कायदा केला, 2024 मध्ये 7 राज्यं झाली आणि कॉम्पॅक्ट लागू झाला. मसुद्याला पैसा संरक्षण खात्याने दिला, कारण सैनिकांच्या जोडीदारांचे दर बदलीला हेच हाल. माझी तेव्हाची शेजारीण हायजिनिस्ट (दात साफ करणारी), नवरा आर्मीत, तिने तीन राज्यांत तीनदा लायसन्स काढलं. हायजिनिस्टही ह्यात आहेत हे फार बरं झालं.

भाऊजी आता म्हणतात दर्जा घसरेल. साफ चूक. पेशंट ज्या राज्यात खुर्चीत बसलाय तिथलाच कायदा लागतो, तिथलं बोर्ड कारवाई करू शकतं आणि ती कारवाई बाकीच्या सदस्य राज्यांना कळते, म्हणजे एकीकडे घोळ घालून दुसरीकडे पाटी लावणं उलट अवघड होणार. माझ्यासारखीला सात महिने बसवून कुठल्या पेशंटचं भलं झालं ते त्यांनी सांगावं.

हां, सगळी राज्यं ह्यात नाहीत, आणि कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या राज्याचा प्रिव्हिलेज (तिथे काम करायची परवानगी) हातात पडतो असंही नाही, तेव्हा दोन्ही बोर्डांना ईमेल करून विचारा. एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर वर्क परमिट वेगळं लागतं, कॉम्पॅक्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि हे सगळं नवऱ्याने ऑफर लेटरवर सही करायच्या आधी विचारा, आम्ही ट्रक भरून निघाल्यावर विचारलं होतं.