घूंऽऽ करणारी गाडी आणि बाबांचा हट्ट

प्रश्न : काका नमस्कार, मी चिपळूणहून लिहितेय. आमच्याकडे बाबांनी घेतलेली छोटी पेट्रोल गाडी आहे, एक लिटर इंजिनची, नोव्हेंबर २०११ चं रजिस्ट्रेशन, म्हणजे येत्या नोव्हेंबरात पंधरा वर्षं पूर्ण. मी शिक्षिका आहे, रोज शाळेला जाऊन येऊन तीस किलोमीटर होतात. गेले चार महिने गाडी ४० च्या पुढे गेली की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ६० ला तर विमानात बसल्यासारखं वाटतं. टायरवाला म्हणाला टायर, म्हणून पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, अलाइनमेंट केली, आवाज तसाच. एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स गेलाय सांगून २८ हजारांचा अंदाज दिला. दुसरा म्हणाला इंजिन माउंटिंग. मी स्वतः एक करून बघितलं, चालू गाडीत क्लच दाबून न्यूट्रल केली, आवाज होता तेवढाच राहिला. आणि एक, परशुराम घाटात उजव्या वळणावर आवाज वाढतो आणि डाव्या वळणावर जवळजवळ जातो, हे गॅरेजमध्ये सांगितलं तर तो हसला. २०२१ च्या पुरात गाडी अंगणातच होती, पाणी सीटच्या वर होतं, तेव्हा बराच खर्च करून चालू केली. आता भाऊ म्हणतो भंगारात दे, पंधरा वर्षांनी तशीही सरकार चालवू देत नाही, नवी घे, ९-१० हजार हप्ता बसेल. बाबा ७४ वर्षांचे आहेत, ते म्हणतात गाडीला काही झालेलं नाही. त्यांना कमी ऐकू येतं हेही सांगून ठेवते. काय करू?

उत्तर : ताई, तो हसला ना, त्याच्याकडे परत जाऊ नका. तुम्ही जे दोन वाक्यात लिहिलंय ते ऐकायला मी गॅरेज चालवत होतो तेव्हा गिऱ्हाईकाच्या मागे मागे फिरायचो. लोक येऊन सांगायचे "काका आवाज येतोय", कधी येतो, कसा येतो, विचारलं की "येतो असाच". तुम्ही क्लच दाबून बघितलात आणि वळणावर ऐकलंत, अर्धं काम तिथेच झालं.

आता बघा, क्लच दाबला, न्यूट्रल केली, इंजिनचा वेग खाली आला आणि आवाज गाडीच्या वेगाबरोबरच राहिला, म्हणजे इंजिन संशयातून सुटलं, माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती) पण सुटलं. माउंटिंग गेलं की गाडी उभी असताना आयडलिंगला थरथरते, गिअर टाकताना झटका देते, ६० ला घूं नाही करत. गिअरबॉक्स मात्र या टेस्टमध्ये पूर्ण सुटत नाही बरं का, कारण न्यूट्रलमध्ये गाडी नुसती घरंगळत असली तरी चाकांबरोबर डिफरन्शियल, म्हणजे गिअरबॉक्समधला चाकांना फिरवणारा गिअरचा संच, फिरतच असतो, त्याची बेरिंग गेली तरी असाच आवाज येऊ शकतो. म्हणून तुमची दुसरी गोष्ट जास्त मोलाची. उजव्या वळणावर गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं. डाव्या बाजूचं बेरिंग खराब असेल तर ते वजन आलं की ओरडतं, आणि डाव्या वळणावर वजन उजवीकडे गेलं की गप्प बसतं. तुमचं डाव्या बाजूचं व्हील बेरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते, गेलंय, मी इथे बसून ९० टक्के सांगतो, उरलेले १० जॅकवर.

टायरवाल्याला मी पूर्ण दोष देणार नाही. टायर एकसारखा झिजला नाही, त्याला उंचवटे आले की तोही अगदी असाच गुंजतो, आणि आता हायवे काँक्रीटचा झाल्यावर तर चांगला टायरही जरा आवाज करतो. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, काँक्रीटवरून डांबरीवर आलात की लगेच कळतं, बेरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही. मी स्वतः एकदा एका गिऱ्हाईकाचा गिअरबॉक्स उतरवून त्याची बेरिंगं बदलली होती, तीन दिवस काम, आणि शेवटी निघाला मागचा टायर. पैसे परत केले, पण त्या माणसाने नंतर माझ्याकडे पंक्चरसुद्धा काढलं नाही. त्यामुळे २८ हजारांचा अंदाज ऐकला की मला आपलीच आठवण येते.

करायचं असं. आधी पुढचं की मागचं ते ठरवा, भावाला डावीकडे मागच्या सीटवर बसवा आणि ५० ने चालवा, मग त्याला पुढे बसवा, कुठे जास्त वाटतो ते तो सांगेल (बाबांना बसवू नका, वर कारण आलंच आहे). मग गॅरेजमध्ये ते चाक जॅकवर उचलायला सांगा, गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड, उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. चाक वर आणि खाली धरून हलवायचं, खट्ट खट्ट असं ढिलं लागलं तर प्ले आहे. मात्र नुसतं घूं करणाऱ्या बेरिंगमध्ये बऱ्याचदा प्ले नसतोच, आणि घाईतला मेकॅनिक तेवढ्यावर "बेरिंग ओके" म्हणून मोकळा होतो. म्हणून पुढची टेस्ट: एका हाताने शॉकअपची स्प्रिंग धरायची आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. चांगलं बेरिंग असेल तर स्प्रिंगला काही कळत नाही, खराब असेल तर बोटांना गरगर लागते, जात्यात खडा आल्यासारखी. तुम्ही स्वतः हात लावून बघा, आणि दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच फिरवून बघा, फरक तुम्हालाच कळेल.

बेरिंग पुढचं असेल तर ते नकलमध्ये (चाकामागचा लोखंडी भाग) घट्ट बसवलेलं असतं, ते हायड्रॉलिक प्रेसवर काढायचं आणि प्रेसवरच बसवायचं. हातोड्याने ठोकून बसवणारे भरपूर आहेत, ते स्वस्तात करतात आणि दोन महिन्यांत आवाज परत येतो कारण ठोकतानाच आतल्या गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटलेले असतात. गॅरेजकडे प्रेस नसेल तर लेथवाल्याकडे असतो, नकल काढून तिकडे पाठवायला सांगा. बेरिंग चांगल्या कंपनीचं घ्या, एक्सलचा नट नवा टाका, बेरिंग अडवणारी रिंग, सर्कलिप, नीट बसली आहे का बघा. पार्ट आणि मजुरी धरून दोन-तीन हजारांत व्हायला हवं, चार झाले तरी २८ तर नाहीत. जुनं बेरिंग मागून घ्या. आत गंजाचे खड्डे दिसले तर पुराचं पाणी हे कारण धरायला हरकत नाही, कारण बेरिंगचं सील रस्त्यावरचे शिंतोडे अडवायला असतं, गाळाच्या पाण्यात तासन्‌तास बुडून राहायला नाही. आणि नाही दिसले तर पंधरा वर्षांत बेरिंग जातंच, पुराला कशाला नावं ठेवा.

हे होईपर्यंत शाळेपुरती हळू चालवा, पण कुंभार्ली चढून कराडला वगैरे जाऊ नका. आणि चाकात प्ले निघाला तर शाळेलाही नको, एसटी आहे.

आता भाऊ. त्याने दोन वेगळे प्रश्न एकात कालवलेत. आवाज हा तीन हजारांचा प्रश्न आहे, त्यावरून गाडी भंगारात जात नाही. आणि पंधरा वर्षांनी सरकार चालवू देत नाही हे दिल्लीचं ऐकलेलं असणार, तिकडे एनसीआरमध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम आला. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, त्यामुळे ऑफिसांच्या आवारातल्या गाड्या जाताना लोक बघतात आणि सगळ्यांना तेच लागू असं समजतात. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी रिन्यू होतं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५, म्हणजे तुम्ही सप्टेंबरात लागा. कारला फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली नसेल तर ती आधी.

सगळं मिळून बेरिंग, रिन्यूअल, कर, एखादा किरकोळ खर्च धरलात तरी भाऊ सांगतोय त्या हप्त्याचे दोनेक हप्ते होतात. गाडीला एक्सचेंजला किती मिळतात यावर दुरुस्ती करायची की नाही ते ठरवू नका, तुम्ही गाडी विकत नाही आहात, चालवत आहात.

पण थांबा, मी अजून ठेवा म्हटलेलं नाही. तुमची गाडी आवाजाने नाही जाणार, गंजाने जाईल. कोकणातली हवा, वर पुरात बुडालेली, आणि बुडाल्यावर कार्पेटखालचा गाळ आणि ओल खरंच निघाली होती का ते देव जाणे. बेरिंगचं काम होईल तेव्हाच गाडी लिफ्टवर घ्या आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन खालून बघा. दाराखालची सिल, फ्लोअर, पुढची क्रॉस मेंबर (इंजिनखालचा आडवा पत्रा), चाकाला खालून धरणारा लोअर आर्म जिथे बॉडीला बसतो ती जागा, मागच्या सस्पेन्शनच्या जागा, ब्रेकचे पाइप. टोकाने ठोकायचं. ठण्ण वाजलं तर पत्रा आहे, खर्र होऊन टोक आत गेलं तर पत्रा संपला. आतून कार्पेट उचलून बघा, आणि फ्यूज बॉक्सच्या कनेक्टरला हिरवं चढलंय का तेही.

वरवरचा गंज असेल तर घासून रेड ऑक्साइड, मग अंडरकोटिंग, पाच वर्षं आरामात काढाल. गंजावरच काळं अंडरकोटिंग फासू देऊ नका, ते गंज झाकतं आणि आत पाणी धरून ठेवतं. फ्लोअरला भोक असेल तर पॅच वेल्डिंग होतं, ठीक आहे. पण सस्पेन्शन जिथे धरलंय तिथला पत्रा गेला असेल किंवा सिल हाताने दाबली जात असेल तर मग बेरिंगसुद्धा टाकू नका, रिन्यूअलचे पैसेही घालू नका. तिथे वेल्डिंग करून देणारा भेटेल, पण घाटात ब्रेक मारताना ते वेल्डिंग तुमच्या खाली असेल, त्याच्या नाही. तेव्हा गाडी सोडायची. सोडताना कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नको, तो गाडी तोडेल आणि कागदोपत्री गाडी बाबांच्याच नावावर राहील, चेसिस नंबर कुठे जातो कुणाला माहीत. नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला द्या, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, त्यावर रजिस्ट्रेशन रद्द होतं आणि नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळते.

बाबांना लिफ्टखाली बरोबर न्या. आवाज ऐकू येत नसला तरी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच हातात द्या, भावाने सांगितलेलं ऐकणार नाहीत, हाताला लागलेलं ऐकतील.

प्रश्न : काका, बारामतीजवळ आमची शेती आहे. २००४ ची डिझेल जीप आहे, महिन्यातून तीन-चार वेळा शेतावर जाते. हल्ली इंजिन गरम झालं आणि चढाला अॅक्सिलरेटर दिला की आतून धडधड असा जड आवाज येतो, आणि सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. बॉडी मस्त आहे. मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल टाका.

उत्तर : दादा, किल्ली काढून ठेवा. वर ताईंना मी आवाजाने गाडी जात नाही म्हटलं, तुमचा तो आवाज गाडी नेणारा आहे. वरून टिकटिक करतो तो टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारा भाग), तो वर्षभर टिकटिक करत राहील. हा खालून येणारा, लोड आल्यावर वाढणारा जड आवाज क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) बेरिंगचा, आणि दिवा लुकलुकतोय म्हणजे गरम ऑइलचा दाब उभा राहत नाहीये. आणखी चालवली तर एक दिवस पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येईल. जाड ऑइल म्हणजे तापावर गोधडी. विकायला आणलेल्या गाडीत लोक तेच घालतात, तुमचा मेकॅनिक कशासाठी सुचवतोय त्याला विचारा.

आधी दिव्याचा सेन्सर काढून तिथे ऑइल प्रेशर गेज लावायला सांगा, थोड्या पैशांचं काम आहे. दाब ठीक निघाला तर सेन्सर बदला आणि मग धडधड दुसरीकडे शोधा. दाब कमीच निघाला तर इंजिनखालचा ऑइल चेंबर उतरवा, तळाला चकचकीत कण दिसतील, बेरिंगची कॅप सोडून क्रँकला नखाने ओरखडे लागतात का बघा. गुळगुळीत असेल तर बेरिंग सेट आणि ऑइल पंपावर भागेल. क्रँक ग्राइंडिंगला जाणार असेल तर पिस्टन, रिंगा, पंप, मजुरी सगळंच मागे येतं. महिन्यातून चार फेऱ्यांसाठी मी तरी तो खर्च करणार नाही. त्यात वीस वर्षांवरच्या कारचं पुढचं रिन्यूअल आता १० हजारांचं झालंय, २०२५ मध्ये वाढलं ते.

पण तुमची बॉडी मस्त आहे म्हणता, आणि जुन्या जीपला चांगल्या बॉडीसाठी गिऱ्हाईक मिळतं. इंजिन खराब आहे हे तोंडावर सांगून विका, आरसी ट्रान्सफर झाल्याशिवाय गाडी द्यायची नाही, टोइंगचा खर्च घेणाऱ्याकडे. तोवर कुणी "जरा चालवून बघतो" म्हणाला तर त्याला चहा द्या, किल्ली देऊ नका.