पेस्टच्या नळीवर काय पाहावे?

प्रश्न : आमची आजी राखुंडीने दात घासत असे आणि आई मशेरी लावत असे. आता दुकानात पेस्टचे इतके प्रकार दिसतात की गोंधळ उडतो. नळीच्या टोकाला हिरवा पट्टा असेल तर पेस्ट नैसर्गिक आणि काळा असेल तर रासायनिक, हे खरे का? घरात चार वर्षांची नात आहे.

उत्तर : पट्ट्याची गोष्ट खरी नाही. नळी कोठे कापायची व सांधायची हे यंत्राला कळावे म्हणून ती खूण छापलेली असते. आतल्या पेस्टशी तिचा संबंध नसतो.

राखुंडीने दात पांढरे दिसतात, कारण राखेचे खरखरीत कण डागांबरोबर इनॅमलही, म्हणजे दाताचे कठीण बाहेरचे आवरणही, खरवडतात. वर्षानुवर्षे ती आडवी घासणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत नखाला जाणवेल अशी खाच पडते आणि तेथे गार पाणी लागले की कळ येते. मशेरी मात्र याहून घातक आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच असते आणि तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तंबाखू घातलेल्या पेस्ट व दंतमंजनांवर १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीपर्यंत ती पोहोचत नाही. आई अजून मशेरी लावत असतील, तर आधी त्यांचे तोंड दंतवैद्यांना दाखवून घ्या, ही कळकळीची विनंती.

अमेरिकेत १८७३ मध्ये कोलगेटची पेस्ट बरणीतून विकली जाऊ लागली; नळी आली ती १८९२ च्या सुमारास. खरा बदल मात्र १९५० च्या दशकात, पेस्टमध्ये फ्लोराइड आले तेव्हा झाला. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि त्यात दातातील खनिजे विरघळतात. ती पुन्हा दातात बसण्यास फ्लोराइड मदत करते.

म्हणून नळीवरील बारीक अक्षरांत फ्लोराइडचे प्रमाण शोधा. आपल्याकडे ते १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक हजार भागांपेक्षा) जास्त असता कामा नये आणि नळीवर व खोक्यावर छापावेच लागते. मोठ्यांसाठी या मर्यादेच्या जवळचा आकडा असलेली पेस्ट घ्या; लवंग, मीठ किंवा कोळसा हे त्याला पर्याय नाहीत. नातीला मटारच्या दाण्याएवढीच पेस्ट द्या, ती थुंकते ना हे समोर उभे राहून पाहा आणि नंतर खळखळून चूळ भरायला लावू नका. तुम्ही यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या बोअरचे पाणी पीत असाल, तर त्यातच फ्लोराइड जास्त असू शकते; म्हणून आधी ते तपासून घ्या आणि तो अहवाल दंतवैद्यांना दाखवूनच नातीची पेस्ट ठरवा.