तरावीह स्त्रियाही पढतात का? घरी कशी पढतात?

प्रश्न : रमजानमध्ये माझी मैत्रीण रोज रात्री ‘तरावीह राहिलीय’ म्हणून घाईने फोन ठेवते. बायका मशिदीत जात नाहीत ना? मग घरी नेमकं काय करतात? सक्ती असते का?

उत्तर : सक्ती नाही. तरावीह ही रमजानमध्ये रात्री पढायची जादा नमाज. फर्ज म्हणजे सक्तीच्या नमाजा दिवसाच्या पाच, तरावीह त्यात नाही. पण हनफी मताप्रमाणे (हनफी, शाफई, हंबली हे सुन्नी धर्मशास्त्राचे पंथ) ती सुन्नत-ए-मुअक्कदा आहे, म्हणजे कारण नसताना सोडू नये अशी, आणि पुरुषांइतकीच स्त्रियांनाही लागू. आमच्यातल्याही कितीतरी जणी ती मशिदीत जाणाऱ्या पुरुषांचीच समजून चालतात.

इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजेनंतर दोन-दोन रकातींनी (रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं, सजदा असं नमाजेचं एक आवर्तन) ती पढायची, दर चार रकातींनंतर जरा बसायचं. हनफी, शाफई वीस रकाती पढतात, अहले-हदीस (या पंथांऐवजी थेट हदीस मानणारे) आठ. आठवाले पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांच्या हदीसचा (पैगंबरांविषयीच्या कथनाचा) आधार घेतात : पैगंबर रमजानमध्ये किंवा एरवीही रात्री अकराच्या वर जात नसत. त्यात तीन वित्रच्या, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या नमाजेच्या. मी वीस पढते. या आकड्यावरून वाद घालणाऱ्यांचा वाद संपेपर्यंत माझ्या वीस होऊन जातात.

मशिदीत हाफिज (कुरआन तोंडपाठ असलेले) रोज थोडं थोडं करत महिनाभरात कुरआनचे तीसही पारे (भाग) पूर्ण करतात. घरी पढणारीवर ते बंधन नाही. जे पाठ असेल ते पढावं. बहुतेकींची सोपी रीत म्हणजे सूरह फील ते सूरह नास या कुरआनच्या शेवटच्या दहा सूरह (अध्याय). प्रत्येक रकातीत अल्हम्दनंतर (कुरआनच्या पहिल्या सूरहनंतर) एक, दहा झाल्या की पुन्हा फीलपासून, की वीस पुऱ्या. कौसर तर तीनच आयतींची. हातात कुरआन धरून पढायला शाफई मतात मुभा आहे, इमाम अबू हनीफांच्या मते त्याने नमाज तुटते. आपल्या मसलकप्रमाणे (पंथाप्रमाणे) वागावं.

आता मशिदीचं. ‘अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका’ ही हदीस आहे, आणि त्यांची घरं त्यांच्यासाठी अधिक चांगली, अशीही आहे. म्हणून कुठे बायकांसाठी वेगळी जागा असते, कुठे नसते. मक्का-मदिनेत बायका मशिदीतच तरावीह पढतात. घरी एकटीने पढलेली पूर्णच असते, त्यात काही कमी राहत नाही. बायकांची आपापसात जमात (एकत्र नमाज) शाफई आणि हंबली मतात चालते. इमामत करणारी, म्हणजे नमाज पढवणारी, पुढे न जाता पहिल्या रांगेतच मधोमध उभी राहते. हनफी ते मकरूह (नापसंत) मानतात, म्हणून आम्ही एका खोलीत असलो तरी आपापली पढतो.

पाळीच्या दिवसांत नमाज नाही, आणि ती नंतर भरूनही काढायची नसते. रोजे मात्र नंतर ठेवावे लागतात. तेव्हा मैत्रीण मधेच काही दिवस निवांत बोलत बसली, तर ‘आज तरावीह नाही का?’ असं विचारू नका. दुआ आणि जिक्र (अल्लाहचं स्मरण) त्या दिवसांतही चालूच असतं.

खरी अडचण वेळेची. इफ्तार, मगरिब (सूर्यास्ताची नमाज), भांडी, मुलांची झोप, तोवर इशा होते आणि दिवसभराचा रोजा अंगात उतरलेला असतो. त्यात सहरीला (पहाटेच्या जेवणाला) पुन्हा सगळ्यांच्या आधी उठायचं. तरावीहची वेळ सहरी संपेपर्यंत असते, हे नव्या सुनांना कोणी सांगतच नाही. मी इशानंतर आठ पढून झोपते, उरलेल्या बारा सहरीआधी. गरोदर, आजारी किंवा थकलेली बाई बसूनही पढू शकते.

शेवटच्या दहा रात्रींत मात्र जरा जास्त जागतो. शब-ए-कद्र (कुरआन उतरला ती रात्र) त्यातच शोधायची असते, आणि ती हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ आहे असं कुरआनमध्ये आहे. पैगंबर त्या रात्री स्वतः जागायचे आणि घरच्यांनाही उठवायचे. उठवायचे ते इबादतीसाठी, सहरी रांधायला नव्हे, एवढं काही नवऱ्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.