‘गाडी’ची ‘दाडी’ का होते?

साडेतीन वर्षांच्या मुलाला वाचा-उपचारासाठी माझ्याकडे घेऊन आलेल्या एका आईने खुर्चीवर बसण्यापूर्वीच विचारले, “मॅडम, याची जीभ चिकटलेली आहे का?” मुलगा काकाला ‘ताता’, गाडीला ‘दाडी’ आणि घराला ‘धल’ म्हणत होता. आजींनी वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिले होते, शेजारच्या काकूंनी जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा सल्ला दिला होता, आणि बालवाडीत सर्वांसमोर उभे करून त्याच्याकडून ‘गाडी’ पुन्हा पुन्हा वदवून घेतल्यामुळे महिनाभरात तो तेथे बोलेनासाच झाला होता. मला त्याच्या ‘दाडी’पेक्षा या गप्प होण्याची अधिक काळजी वाटली.

त्याला वारंवार सर्दी होत असे, म्हणून सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घेतली. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले, तर मुलाला शब्द अस्पष्ट ऐकू येतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. चाचणी निर्दोष आली. जीभ तो सहज ओठांबाहेर काढत होता आणि वरच्या दातांना टेकवत होता. शिवाय ‘क’ आणि ‘ग’ हे वर्ण जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकून उच्चारले जातात, त्यामुळे टोकाखालचा पडदा कापून ते सुधारतील असे मानण्याला काही आधार नव्हता.

मग मी आईला त्याचे शब्द कागदावर लिहायला सांगितले: काका-ताता, खिडकी-थिडती, गाय-दाय, घर-धल. यादी पुरी होताच तिच्याच लक्षात आले की ‘क’चा ‘त’, ‘ख’चा ‘थ’, ‘ग’चा ‘द’ आणि ‘घ’चा ‘ध’ होतो. म्हणजे मुलाने वर्णमालेतील क-वर्गाची ओळ उचलून, क्रमही न बिघडवता, त-वर्गावर ठेवली होती. ज्याला आपण बोबडेपणा म्हणतो त्यात एवढी शिस्त असते, याचे मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटते. हा आळस नव्हे आणि हट्टही नव्हे. घरातली आणखी एक अडचण आईने सांगितली: तो ‘दाने’ मागायचा, त्याच्यासमोर शेंगदाणे ठेवले जायचे, आणि त्याला हवे असायचे गाणे, मग तो रडायचा.

मी गाईचे चित्र दाखवून मुद्दाम “ही दाय” म्हटले, तेव्हा तो चिडून म्हणाला, “दाय नाई, दाय!” जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी 1960 मध्ये अशाच एका इंग्रजीभाषक मुलाची नोंद केली आहे, तो माशाच्या खेळण्याला ‘फिस’ म्हणे, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेले त्याला चालत नसे. मुलाला फरक ऐकू येतो, तोंडाला मात्र तो अजून साधलेला नसतो. म्हणूनच ‘नीट म्हण’ या आज्ञेतून त्याला नवीन काहीच मिळत नाही, फक्त आपले चुकते एवढेच कळते.

क-वर्गाची ही अदलाबदल बहुतेक मुलांत चौथ्या वर्षाच्या आसपास आपोआप थांबते. ‘र’ आणि ‘ळ’ यांना त्याहूनही वेळ लागू शकतो, त्यामुळे ‘धल’मधल्या ‘ल’कडे मी लक्षच दिले नाही. याउलट ‘त’चा ‘क’ होणे, शब्दाचे पहिले व्यंजन गळणे, स्वर बिघडणे, किंवा चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला न समजणे, यांपैकी काही आढळल्यास वाट न पाहता वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावे.

या मुलाच्या घरी आम्ही वदवून घेणे पूर्णपणे थांबवले. तो “दाडी आली” म्हणाला, की आईने “हो, गाडी आली, केवढी मोठी गाडी!” असे बोलायचे आणि त्याच्याकडून उच्चाराची अपेक्षा ठेवायची नाही. गाणे आणि दाणे यांची चित्रे शेजारी ठेवून, आपण काय मागितले आणि काय मिळाले, याचा खेळ सुरू केला. बालवाडीच्या बाईंशी आई स्वतः बोलली, आणि त्यांनीही मनापासून ऐकले.

चार महिन्यांनी आईचा घाबऱ्या आवाजात फोन आला: “मॅडम, गाडी म्हणतो, पण आता दगडाला ‘गगड’ म्हणायला लागलाय!” मला फार आनंद झाला. नवा ‘ग’ हाती आलेले मूल काही दिवस तो नको तेथेही वापरते, हे तिला समजावले आणि दुरुस्त करू नका, एवढेच सांगितले. तीन आठवड्यांत दगड पुन्हा दगड झाला होता, आणि बालवाडीतून तो रोज नवे गाणे शिकून घरी येत होता.