सीको ५ : मागच्या झाकणावरचे दोन क्रमांक

प्रश्न : मे १९७२ मध्ये, वडिलांच्या लग्नात, कुवेतला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मामांनी त्यांना सीको ५ घड्याळ दिले. मागच्या झाकणावर ६११९-८०८३ आणि १एन४८२१ असे क्रमांक आहेत. दुसरा क्रमांक एकने सुरू होतो, म्हणून घड्याळ १९६१ चे आहे, असे एका दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितले. नारिंगी डायल मात्र कोरी करकरीत दिसते. घड्याळ नेमके कोणते आणि कोणत्या सालचे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सीको ५ ही मालिकाच १९६३ साली बाजारात आली, त्यामुळे १९६१ हे साल मुळातच बाद होते. पहिल्या क्रमांकातील ६११९ हा आतल्या यंत्राचा, तर ८०८३ हा केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, क्रमांक आहे. सीकोचे मॉडेल या दोहोंच्या जोडीनेच ओळखले जाते. दुसऱ्या क्रमांकातील पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो आणि त्यापुढचे चिन्ह महिना दाखवते : जानेवारी ते सप्टेंबरसाठी १ ते ९, पुढच्या तीन महिन्यांसाठी ओ, एन आणि डी ही इंग्रजी अक्षरे. दशक कोणते, हे त्यात लिहिलेले नसते, आणि तुमच्या दुरुस्ती करणाऱ्यांची गफलत इथेच झाली. दशक यंत्रावरून ठरवावे लागते. ६११९ हे २१ ज्वेलचे (ज्वेल म्हणजे झीज कमी करण्यासाठी यंत्रात बसवलेले बारीक खडे) स्वयंचलित यंत्र साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत होते, म्हणजे तुमच्या घड्याळाची केस नोव्हेंबर १९७१ ची आहे. जपानच्या कारखान्यातून कुवेतच्या दुकानात आणि तिथून लग्नाच्या मांडवात पोहोचायला सहा महिने, हा हिशेब मला पटण्यासारखा वाटतो.

डायलविषयी मात्र मला शंका आहे. पन्नास वर्षे वापरलेल्या घड्याळाची डायल सहसा इतकी कोरी राहत नाही, आणि जुन्या सीकोंच्या डायली भडक रंगात नव्याने रंगवून विकण्याचा उद्योग मुंबईत बराच चालतो. सहाच्या आकड्याखाली, डायलच्या अगदी काठाशी, भिंगातून पाहा. मूळ डायलवर तिथे ६११९ ने सुरू होणारा बारीक क्रमांक छापलेला असतो. त्यापुढचे आकडे झाकणावरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले नाहीत तरी बिघडत नाही. क्रमांकच नसेल, किंवा अक्षरे जाड आणि फिसकटलेली असतील, तर डायल रंगवलेली समजावी.

अशा घड्याळांत कधी कधी यंत्रही बदललेले असते. ते झाकण न उघडता ताडता येते : ६११९ मध्ये चावी आत दाबली की तारीख पुढे सरकते आणि आणखी दाबली की वार बदलतो, तर नंतरच्या, १७ ज्वेलच्या ७००९ मध्ये चावी बाहेर ओढून फिरवावी लागते. खात्री करायचीच असेल तर झाकण आपल्या देखत उघडून घ्यावे. यंत्रावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो.

लग्नातले वडिलांचे फोटोही काढून पाहा. कृष्णधवल फोटोतून रंग कळणार नाही, पण मनगट स्पष्ट आले असेल तर डायल गडद होती की फिकी, एवढे तरी समजेल.